जाडी

वास्कोच्या बाजारात, औषधांच्या दुकानावर
दुसरा मजला, तिथं आमचं ऑफिस.
महिनाअखेरीला मी एकाच माणसाची दोन बिलं करते.
एक आम्ही यार्डाला लावतो,
दुसरं तो आम्हाला लावतो.
त्याचंही मीच टाइप करते, तो नुसती सही ठोकतो.
दिवस दोन्हीकडे सव्वीस.
दर मात्र

यार्डाला साडेसहा हजार रोज,
आनास्तास बार्रेटोला बेचाळीसशे.
मधल्या तेविसशांना लोटलीकर 'सेवा' म्हणतो.
माझा पगार अठरा हजार चारशे,
म्हणजे आनास्तासच्या आठ दिवसांचं मधलं.

लोटलीकर वाईट माणूस नाही.
यार्ड पैसे सोडतं नव्वदाव्या दिवशी, कधी शंभराव्या.
हा सात तारखेला देतो, रविवार असला तर सहाला.
गोदीत तीन महिने जहाज लागलं नाही त्या वर्षी
त्याच्या बायकोच्या पाटल्या
बँकेच्या लॉकरमधून निघाल्या
आणि त्याच बँकेच्या दुसऱ्या टेबलावर गेल्या.
त्या कुठल्या रकान्यात धरायच्या
मला अजून कळलेलं नाही.

आनास्तास जहाजाचा पत्रा मोजतो.
जेली फासतो, बटणाएवढा प्रोब टेकवतो,
आवाज आत शिरतो, पलीकडच्या अंगावर आपटून
परत येतो, आकडा दिसतो.
पलीकडे जाऊन बघावं लागत नाही.
बाराचा होता, नऊ पूर्णांक आठ उरलाय,
बाकीचा समुद्रानं नेला.
चालेल, म्हणतो, आणि खडूनं खूण करतो.

फेब्रुवारीत एकदा सही करता करता म्हणाला,
"बाय, वीस टक्क्यांपर्यंत झीज असली तर जहाज सुटतं.
वर गेली की पत्रा कापून नवा घालतात.
माझी किती?"
आणि बोटाच्या पेरानं माझं टेबल वाजवलं.

खाली पोदेराचा भोंगा.
आकडे बाहेर सांगायचे नाहीत, असं माझ्या नेमणूकपत्रात आहे.
तेही मीच टाइप केलेलं.
मी स्टेपलर उघडून पिना भरायला घेतल्या.
भरलेल्याच होत्या.
मग म्हटलं, "कापावा लागेल."

तो हसला नाही. देव बरें करूं म्हणाला,
आणि तडक यार्डाच्या मॅनेजरकडे गेला.
मॅनेजरनं चहा पाजला, कलम अकरा दाखवलं:
वर्षभर थेट काम नाही,
प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष.
त्यातलं 'वा अप्रत्यक्ष' माझं.
लोटलीकरच्या मसुद्यात नुसतं 'प्रत्यक्ष' होतं,
मला ते तेव्हा अपुरं वाटलं होतं.

लोटलीकर भांडला नाही.
बोलावून घेतलं, पंखा वाढवला, अठ्ठेचाळीसशे केले.
दोघांनी हात मिळवले.
संध्याकाळी कुलूप लावताना मला विचारलं,
"ह्याला कुणी सांगितलं असेल गो?"
मी म्हटलं, "त्याला आवाजावरून कळतं."
हे खोटं नव्हतं.

एप्रिलपासून यार्डानं दर सात हजार केलाय.
पत्र आलं ते मीच फोडलं,
मीच भोकं पाडून फाइलीला लावलं.

आनास्तास सात तारखेला येतो. खूश असतो.
परवा पिशवीभर काजूची बोंडं घेऊन आला,
ऑफिसभर वास, लोटलीकरनंही दोन खाल्ली,
शर्टावर डाग पाडून घेतला.
सही झाली की पेनाला टोपण लावूनच परत देतो.
बाविसशे, सात हजारांतून.
भागाकार मी करत नाही, तो होतो.

तो आता काही विचारत नाही.
मी तळहात टेबलावर पसरून बसते,
सहज जरी पेर आपटलं त्यानं
तरी आवाज
परत जाऊ नये म्हणून.